बोक्याला अहो, नवऱ्याला अरे

बुधवारी छापखान्यातलं घडी घालायचं यंत्र बंद पडलं, म्हणून स्पिरिटराव दोन तास आधीच घरी आले आणि दाराबाहेरच थबकले. आतून बायकोचा आवाज येत होता.

"अहो, या ना. असे चौकटीत काय उभे राहता? आणि आज किती उशीर केलात."

स्पिरिटरावांचा हात कडीपासून चार बोटांवर तसाच राहिला. त्या घरात 'अहो' हा शब्द बावीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. नवरा-बायको कॉलेजात एका वर्गात होते. अरे-तुरे करत ओळख झाली, अरे-तुरे करत लग्न ठरलं आणि संसारही अरे-तुरेतच चालला होता. स्पिरिटरावांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. बायकोकडे 'अहो' मुळी नाहीच, अशी त्यांची समजूत होती. तो तिने एवढी वर्षं जपून ठेवला होता आणि आता दुपारच्या वेळी दुसऱ्याच कुणाला तरी वाढत होती, हे त्यांना नवीन होतं. (आपण मात्र त्यांना अहो-जाहोच करू. निदान गोष्टीत तरी माणसाला मान मिळावा.)

"बसा खुर्चीवर. तो नाहीये घरी. सहाशिवाय येत नाही."

'तो' म्हणजे आपण, हे स्पिरिटरावांना कळायला वेळ लागला नाही. बाहेरच्या माणसाला काय बोलायचं त्याची त्यांनी जिन्यातच तीन वाक्यं तयार केली, त्यांतलं मधलं व्याकरणासाठी दुरुस्त केलं आणि दार लोटलं.

खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत एक बोका बसला होता. करड्या रंगाचा, डावा कान अर्धा तुटलेला, चेहरा निवृत्त अधिकाऱ्यासारखा. त्याने स्पिरिटरावांकडे असं पाहिलं, जणू वेळ न ठरवता आलेला माणूस तेच असावेत.

परपुरुष नाही, या समाधानाला पाव मिनिटाचंही आयुष्य मिळालं नाही. लगेच त्यांना वाटलं, पुरुष असता तर बरं झालं असतं. पुरुषाला निदान हात धुवायला सांगता येतं.

इथे स्पिरिटरावांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. ते मुद्रितशोधक होते, तेही औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या त्या पातळ चिटोऱ्यांचे. जगात जो कागद कुणीही वाचत नाही, तो ते भिंगाखाली धरून दिवसातून दोनदा वाचत. बावीस वर्षांत इतके रोग त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते, की कुठल्याही प्राण्याकडे पाहिलं की त्यांना प्राणी दिसतच नसे, यादी दिसे. कबुतर दिसलं की ते वीस आकडे श्वास रोखून धरत. कुत्रा दिसला की रस्ता ओलांडत, आणि पलीकडेही कुत्रा असेल तर मधोमध चालत. खिशात स्पिरिटची बाटली कायम असे. कड्या, कठडे, लिफ्टची बटणं, सगळं पुसून मगच हात लावायचा. नाव इमारतीने ठेवलं होतं. मूळ नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

"हे काय आहे?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"बोका," बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. बुधवारी दुकान बंद असे. समोरच्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये, हे शांतपणे ऐकून घ्यायची तिला सवय होती.

"कधीपासून येतोय?"

"झाले आठ महिने."

"आठ महिने तो माझ्या खुर्चीत बसतोय?"

"तू नसताना. तू आलास की जातात ते. त्यांना कळतं."

"त्यांना? आणि अहो का म्हणतेस?"

"मानी आहेत फार. अरे म्हटलं की मान फिरवतात. अहो म्हटलं की येतात."

"मीसुद्धा फिरवतो मान."

"तुझी अवघडत असेल. उशी बदल."

त्या दिवसापासून स्पिरिटरावांच्या मागे दोन गोष्टी एकदम लागल्या. एक जुनी भीती, दुसरा नवा मत्सर. भीतीवर स्पिरिट होतं. मत्सरावर कुठलं चिटोरं त्यांनी कधी तपासलं नव्हतं. आणि मत्सरही किती बारीकसारीक. सायंकाळी बायको हसली, की हिला दुपारचं काही आठवलं का, असं त्यांच्या मनात येई. तिने दुधावरची साय बाजूला काढली, की ती कुणासाठी, हे त्यांना न विचारता कळे. त्यांना साय आवडत नसे. पण ती आपल्याला न देणं वेगळं आणि बोक्यासाठी राखून ठेवणं वेगळं.

एक तारखेला बायकोने जाहीर केलं, की थंडी वाढली आहे, तेव्हा ते आता घरातच राहतील.

"मग मी कुठे राहू?" स्पिरिटराव म्हणाले.

"तूही राहा की," ती म्हणाली. नंतर कितीतरी दिवस ते या वाक्यातल्या 'ही'कडे भिंग लावून पाहत होते.

सल्ला विचारला नाही तरी तो मिळतो, हा आपल्याकडचा नियमच आहे. तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, की मांजराला लिंबाच्या सालीचा वास खपत नाही. स्पिरिटरावांनी उंबऱ्यावर साली पसरल्या. बोका त्यांवरून अलगद उडी मारून आत गेला. स्पिरिटराव मागोमाग गेले ते घसरून, आणि पडल्यावर त्यांचं नाक बरोबर बोक्याच्या वाटीसमोर आलं. त्या सायंकाळी त्यांनी चेहरा अकरा वेळा धुतला.

समोरच्या इमारतीतले हेडमास्तर मात्र असल्या घरगुती उपायांतले नव्हते. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून शिकवायला कुणी मिळालेलं नव्हतं. त्यांची खिडकी आणि स्पिरिटरावांची गॅलरी यांच्यात फक्त एक बोळ होता, त्यामुळे इकडचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

"भीती म्हणजे अज्ञान," हेडमास्तर खिडकीतून म्हणाले. "टप्प्याटप्प्याने घालवायची. पहिल्या आठवड्यात चित्र बघा. दुसऱ्या आठवड्यात आवाज ऐका. तिसऱ्यात शेपूट."

"शेपूट म्हणजे?"

"हात लावा. शेपटाकडून सुरुवात करायची असते. तिकडे दात नसतात."

पहिला आठवडा ठीक गेला. स्पिरिटरावांनी मांजराचं चित्र रोज पाच मिनिटं पाहिलं, सुरुवातीला पाठमोरं धरून. दुसऱ्या आठवड्यात हेडमास्तर रोज सकाळी सातला फोन करून स्वतः म्यांव म्यांव करत. ते इतकं मन लावून करत, की चौथ्या दिवशी फोन बायकोने घेतला आणि स्पिरिटरावांच्या हातात दिला. "तुझा आहे," ती म्हणाली. त्यानंतर तिसरा आठवडा कुणी सुरू केला नाही.

शेवटी स्पिरिटरावांनी कायदेशीर मार्ग धरायचं ठरवलं. दुपारची सुट्टी काढून ते नगरपालिकेच्या पशुविभागात गेले. तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "भटकं की पाळीव?"

"भटकं."

"घरात येतं?"

"हो."

"खायला कोण देतं?"

"बायको."

"मग पाळीव."

"पण आम्ही त्याला पाळलेलं नाही."

"त्याने तुम्हाला पाळलंय, असं लिहू का? तसा रकाना नाही."

बराच ऊहापोह झाल्यावर कारकून इतकं म्हणाला, की जनावर रोगी असेल आणि माणसाला धोका असेल, तर विभागाची गाडी येऊन ते घेऊन जाते. पण रोगी आहे, असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा. त्यासाठी हा अर्ज भरा, त्यावरच डॉक्टर शेरा लिहितील.

अर्ज हातात आला आणि स्पिरिटरावांना पहिल्याच ओळीत 'आजरी जनावर' दिसलं. एक काना गायब होता. खाली 'संसर्गजन्य'मधलं एक अक्षर पुढच्याच्या जागी गेलं होतं. बावीस वर्षांचा हात, तो थांबतो थोडाच. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि उभ्या उभ्या अर्जातल्या नऊ चुका समासात खुणा करून दुरुस्त केल्या. त्या समाधानाच्या भरात त्यांनी खाली सही ठोकली. 'तक्रारदार' आणि 'जनावराचा धारक' असे दोन रकाने शेजारी शेजारी होते. सही दुसऱ्यात पडली. कारकुनाने ती लगेच मोठ्या वहीत उतरवून घेतली आणि शिक्का मारला.

"खोडा ते," स्पिरिटराव म्हणाले.

"वहीत खाडाखोड चालत नाही. एवढा बारीक अर्ज वाचलात, रकाना नाही वाचलात?"

उभ्या आयुष्यात त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. ज्या बोक्याला घराबाहेर काढायला ते गेले होते, त्याचे ते कागदोपत्री मालक होऊन परतले.

पण दाखला मिळाला की सगळंच निकालात निघणार होतं. पुढच्या सोमवारी रजा टाकून, बायको दुकानात गेल्यावर स्पिरिटरावांनी रेनकोट चढवला, हातमोज्यांचे दोन जोड घातले, डोळ्यांना कांदा चिरायचा चष्मा लावला आणि छापखान्यातून आणलेलं एक मोठं खोकं खोलीच्या मध्यभागी उघडं ठेवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा.

"ये," ते खुर्चीकडे पाहून म्हणाले. "अरे, ये ना."

बोक्याने मान फिरवली.

दहा मिनिटं गेली. रेनकोटच्या आत घामाची धार लागली होती. स्पिरिटरावांनी गॅलरीचं दार लावून घेतलं, पडदा ओढला आणि आपल्या प्रतिस्पर्ध्यासमोर, खालच्या आवाजात, तो शब्द उच्चारला.

"अहो. चला."

बोका उठला, आळस दिला आणि गाडी दारात लागल्यासारखा खोक्यात जाऊन बसला.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एक शेळी होती, दोन पोपट होते आणि एक कासव होतं. स्पिरिटराव फुटपाथवर उभे राहिले आणि आपला नंबर आला की हाक मारा, असं त्यांनी खिडकीतून सांगितलं. आत गेल्यावर बाईंनी बोक्याचे दात पाहिले, पोट दाबलं, कान उलटे केले, अंगावरून उलटी कंगवी फिरवली. बोका हे सगळं वार्षिक तपासणीसारखं करून घेत होता.

"ठणठणीत," बाई म्हणाल्या. "पिसवा नाहीत, खरूज नाही, काही नाही. फार चांगला ठेवलाय तुम्ही."

"नीट बघा हो. काहीतरी असेलच."

बाईंनी नीट पाहिलं. पण बोक्याकडे नाही. रेनकोटची कॉलर घामाने त्रास देत होती म्हणून स्पिरिटरावांनी बटण सोडलं होतं.

"हे मानेवर कधीपासून आहे?"

"कुठे? काय?"

"मागे. गोल चट्टा. खाजतो का?"

"स्पिरिटने खाजतं. मी जास्त लावतो ना."

"अहो, गजकर्ण आहे ते. न्हाव्याकडून आणलंत बहुतेक. मी माणसांची डॉक्टर नाही, त्यासाठी माणसांच्या डॉक्टरकडे जा. मी फक्त याच्या बाजूने बोलतेय. तुमच्यापासून याला लागू शकतं."

स्पिरिटरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "माझ्यापासून? मांजराला?"

"हो. प्राण्यांना माणसांचं लागतं कधी कधी. बिचाऱ्यांना सांगता येत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मान मिळावा म्हणून माणूस घराबाहेर पडला आणि मान दाखवून आला. अर्जावर बाईंनी स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला : जनावर निरोगी, अंगावर पिसवा नाहीत. धारकास त्वचारोग. जनावरास धारकापासून तीन आठवडे दूर ठेवावे. स्पिरिटरावांनी तो रस्त्यात उभं राहून तीनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

त्यांनी तो कागद लपवलाही असता. पण खोकं घेऊन जिना चढताना दुकानातून लवकर सुटलेली बायको मागून आली. तिने खोक्यातून डोकावणारा अर्धा कान पाहिला, रेनकोट पाहिला, कागद मागून घेतला आणि हातभर लांब धरून शेवटपर्यंत वाचला.

"यांना पाठवून द्यायला निघाला होतास," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर स्पिरिटरावांना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "तीन आठवडे तू आतल्या खोलीत झोप," आणि खोकं त्यांच्या हातून काढून घेतलं.

आतली खोली म्हणजे इस्त्रीची खोली. तिथे एक खाट, एक शिडी आणि गाद्यांच्या गठ्ठ्यामागे भिंत होती. दाराच्या फटीतून स्पिरिटरावांना आपली खुर्ची दिसे आणि खुर्चीत तो दिसे. बायको त्यांच्याच बाटलीतलं स्पिरिट घेऊन, त्यांनी हात लावलेली प्रत्येक कडी पुसून काढी. बावीस वर्षं त्यांनी जे जगाला केलं, ते आता घर त्यांना करत होतं. मलम ते स्वतःच लावत, आरसा मागे धरून, अंदाजाने. आणि बाहेरून आवाज येई, "अहो, तिकडे नका जाऊ. त्याला बरं नाहीये."

कधी कधी बोका दाराशी येऊन त्यांच्याकडे पाहत थांबे. त्या नजरेत तुच्छता नव्हती. काळजी होती, आणि तीच त्यांना सहन होत नव्हती.

गजकर्ण दोन आठवड्यांतच मावळलं. पण तोवर बायकोचा हात स्पिरिटला सरावला होता. बोक्याला नवऱ्याचा अंशही लागू नये म्हणून तिने एके दिवशी खुर्ची, खुर्चीची गादी, वाटी आणि उंबरा, सगळं स्पिरिटने न्हाऊ घातलं. बोका आला, त्याने गादी हुंगली, एक शिंक दिली आणि गॅलरीच्या कठड्यावरून, बोळावरून, समोर हेडमास्तरांच्या खिडकीत गेला. तो परत आला नाही.

खुर्ची मोकळी झाली. स्पिरिटराव तिच्यात जाऊन बसले. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, फक्त घरात कुणी बोलत नव्हतं. बायको दुकानातून येई, दोन ताटं घेई, जेवे आणि गॅलरीत जाऊन उभी राही. दुकानात तिने एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा दिला आणि त्याला छान दिसतंय म्हणून तोही निघून गेला, ही एरवी हसण्यासारखी गोष्ट तिने घरी सांगितली ती बातमी सांगावी तशी. पूर्वी निदान 'तूही' होतं. आता 'ही' नव्हता आणि 'तू'ही नव्हता. बोका असताना ती स्पिरिटरावांची निम्मी तरी होती. बोका गेल्यावर ती पुरती समोरच्या खिडकीची झाली.

चौथ्या दिवशी समोरून हेडमास्तरांची हाक ऐकू आली. "ए बोक्या. अरे, ये इकडे, गधड्या." आणि बोका कपाटावरून उडी मारून त्यांच्या मांडीवर गेला.

बायकोने कठडा घट्ट धरला. "अरे म्हणतात ते," ती म्हणाली. "आणि हे जातात."

तिच्या तोंडावरचा भाव स्पिरिटरावांना फार ओळखीचा वाटला. आठवडेच्या आठवडे तो त्यांच्या स्वतःच्या तोंडावर होता.

"मी जाऊन आणतो," ते म्हणाले.

"तू?"

"माझंच नाव आहे वहीत."

हेडमास्तरांनी दार उघडलं ते बोक्याला खांद्यावर घेऊनच. स्पिरिटराव दोन हात लांब उभे राहिले, रेनकोटशिवाय, आणि म्हणाले, की पशुविभागाच्या नोंदीनुसार या जनावराचे धारक आपण आहोत.

"मांजराला नोंद कळते का?" हेडमास्तर म्हणाले. "त्यालाच विचारा. येत असेल तर खुशाल न्या."

स्पिरिटरावांनी हात पुढे केला. मोजे नव्हते. "अहो," ते हेडमास्तरांदेखत म्हणाले, "चला ना घरी."

बोक्याने त्यांच्या बोटांचा वास घेतला. बोटांना बावीस वर्षांचं स्पिरिट होतं. त्याने मान फिरवली.

"तिसरा आठवडा तुम्ही केलाच नाहीत," हेडमास्तर म्हणाले.

ते परत आले तेव्हा बायको तिथेच उभी होती. "काय म्हणाले?"

"कोण? मास्तर?"

"बोका."

"काही नाही म्हणाले."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं, नंबर काढताना पाहते तसं, आणि कठड्याशी थोडी सरकून उभी राहिली. स्पिरिटराव त्या जागेत जाऊन उभे राहिले. समोर हेडमास्तर बशी घेऊन आले.

"ते दूध पाणी घातलेलं दिसतंय," स्पिरिटराव म्हणाले.

"निम्मं पाणी," ती म्हणाली. "आणि बशीला तडा गेलाय."

"पंखा कसा लावलाय बघ. थेट अंगावर."

"कशाचा पत्ता नाही त्या माणसाला."

मग पडदा, मग पडद्याचा रंग, मग हेडमास्तरांनी इतकी वर्षं शाळेत काय शिकवलं असेल, असं करत दोघं बराच वेळ बोलत राहिले. महिनाभरात एवढं बोलणं झालं नव्हतं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण मधेच हेडमास्तरांनी त्यांना पाहिलं आणि ते खिडकीशी आले.

"काय, दोघंही?" त्यांनी बोक्याला उचलून आत घेतलं. "बघायला हरकत नाही. पण लांबूनच हं स्पिरिटराव. तुमचं ते मानेचं काकू सांगत होत्या. याला काही लागायला नको."

स्पिरिटरावांचा चेहरा उतरला. उत्तर बायकोने दिलं.

"त्याची मान कधीच बरी झालीय," ती म्हणाली. "तुम्ही आपलं स्वतःचं बघा. ते जनावर इमारतभर हिंडून येतं. अंगावर पिसवा असतात त्याच्या, भरपूर. आणि जनावरांपासून काय काय होतं, हे याला विचारा, याने वाचलंय सगळं. उद्या अंगाला खाज सुटली तर आमच्या दारात येऊ नका."

हेडमास्तरांनी बोक्याला अंगापासून किंचित लांब धरलं.

पिसवा एकही नव्हती, हे स्पिरिटरावांना लेखी, सही-शिक्क्यानिशी माहीत होतं. विधान धडधडीत चूक होतं. त्यांनी आयुष्यात एवढी मोठी चूक कधी सोडली नव्हती. ते बायकोच्या शेजारी कठड्यावर दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि गप्प बसले.